दर पावसाळ्यात अंगणाचं जंगल होतंय? आमच्याकडे तीनदा झालं, चौथ्यांदा थांबलं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं तेच आहे का ते कळेल. मे महिन्यात मजूर लावून सगळं साफ करायचं, ट्रॉलीभर कचरा बाहेर टाकायचा, जूनमध्ये नर्सरीतून झाडं आणायची, दोन-तीन आठवडे एकदम मस्त दिसतं आणि पोळा येईस्तोवर गवत कमरेपर्यंत. मग दिवाळीच्या तोंडावर परत मजूर, आणि मार्च आला की जे लावलं होतं ते वाळून गेलेलं, जे लावलं नव्हतं ते मात्र हिरवंगार. असं सलग तीन वर्षं झालं. दर वर्षी वाटायचं या वेळी नीट साफ झालं नाही, पुढच्या वेळी अजून खोलवर साफ करू. चूक इथेच होती.

आमचं घर अमळनेरला. आधी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं होतं, सागाचे खांब, जाड मातीच्या भिंती, आणि पुढे-मागे भरपूर मोकळी जागा. त्या जागेत आमच्या आजीने, आम्ही तिला जिजी म्हणतो, चाळीस वर्षं जे मिळेल ते लावलं. कडुनिंब, कागदी लिंबू, सीताफळ, पारिजातक, कढीपत्ता, जास्वंद, अडुळसा, मोगऱ्याच्या तीन जाती, गेटवर बोगनवेल. २०१९ मध्ये ते घर पाडून नवीन बांधलं, बॉक्स टाईप एलिव्हेशन, पांढरा-राखाडी रंग, हॉलला पश्चिमेकडे छतापर्यंत काच. घर झालं सरळ रेषांचं आणि समोर हा सगळा गुंता. पाहुणे म्हणायचे घर छान आहे पण झाडी काढून टाका, दोन पाम लावा, लॉन टाका. एका डिझाइनवाल्याने तर निंबासकट सगळं काढून कोरी जागा दाखवली होती ड्रॉइंगमध्ये. जिजीने तो कागद बघितला आणि एवढंच म्हणाली, "झाड तोडशी ते आखाजीले झोका कोठे बांधशी?" आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तो विषय तिथेच संपला आमच्या घरात.

खरं कारण आमच्या शेतावरच्या सालदाराने सांगितलं, ते पण सहज, विचारलं नसताना. ऑगस्टमध्ये काही सामान द्यायला आला होता, अंगणात उभा राहून बघितलं आणि म्हणाला, "दादा, पानी जठे जास, तठेच गवत उगस." म्हणजे पाणी जिथे जातं तिथेच गवत उगवतं. मी म्हटलं पावसाचं पाणी तर सगळीकडे पडतं. तो म्हणाला पावसाळा सोडा, उन्हाळ्यात कुठे हिरवं असतं ते आठवा. आणि मग डोळ्यासमोर आलं. उन्हाळ्यातलं हिरवं म्हणजे आरओचा वेस्ट पाईप जिथे सुटतो तो पट्टा, एसीचं पाणी गळतं तो कोपरा, मागच्या बाजूला भांडी घासायच्या जागेचा उतार, आणि संध्याकाळी मी स्वतः पाईप धरून सगळं अंगण भिजवायचो ते. म्हणजे ४४-४५ डिग्रीत, जेव्हा आपल्या काळ्या मातीला भेगा पडून तण आपोआप मरायला पाहिजे, तेव्हा मी त्याला रोज पाणी पाजून जगवत होतो. शेतात आपण असं कधी करत नाही. केळीला ठिबक, कपाशीला ठिबक, आणि घरच्या बागेला पाईप.

तेव्हा पहिलं काम हे करा: आठ दिवस काहीही कापू नका, उपटू नका, फक्त पाण्याच्या वाटा शोधा. टेरेसचे रेनवॉटर पाईप किती आहेत आणि कुठे पडतात, आरओ, एसी, वॉशिंग मशीन, मोरी, टाकीचा ओव्हरफ्लो. आमच्याकडे टेरेसचे चार पाईप सरळ मातीत सोडले होते आणि जंगल नेमकं त्या चार ठिकाणी सगळ्यात दाट होतं. ते चारही जमिनीखालून एकत्र करून घरापासून लांब शोषखड्ड्यात नेले. एसीच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, ते बादलीत धरून कुंड्यांना घालतो. आरओचं वेस्ट पाणी मात्र झाडांना देऊ नका, बोअरचं पाणी आधीच जड आणि त्यातले क्षार या वेस्टमध्ये अजून घट्ट झालेले असतात. ते फरशी धुवायला, गाडी धुवायला वापरा.

पाईपने भिजवणं पूर्ण बंद केलं. १६ एमएमची लॅटरल म्हणजे ठिबकची नळी, ताशी ४ लिटरचे ड्रिपर, छोटा स्क्रीन फिल्टर, बस. ठिबकचं सामान जळगाव जिल्ह्यात गल्लीबोळात मिळतं आणि बसवणारे पण. प्रत्येक झाडाला खोडापासून थोडं लांब, फांद्यांच्या घेराखाली ड्रिपर, मोठ्याला चार, झुडपाला एक. दर पंधरा दिवसांनी लॅटरलच्या टोकाची एंड कॅप काढून पाणी सोडून द्या, आमच्याकडच्या पाण्याने ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर बसतोच, आणि तो बसला की झाड का सुकतंय हे महिनाभर कळत नाही. नळी पालापाचोळ्याखाली ठेवली तर खारी आणि उंदीर कुरतडतात, त्यामुळे वरच ठेवली तरी चालते, दिसायला जरा कमी पण गळती लगेच कळते. स्प्रिंकलर काचेजवळ लावायच्या भानगडीत पडू नका, आम्ही लावले होते, महिनाभरात काचेवर असे पांढरे डाग पडले की व्हिनेगरने पण पूर्ण निघाले नाहीत.

आता दुसरं कारण, जे जुनं घर पाडून नवीन बांधलेल्या सगळ्यांना लागू होईल. लावलेली झाडं जगत नव्हती. जास्वंद, मोगरा, लिंबू, सगळ्यांची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मी खत वाढवलं, काही फरक नाही. मग एक दिवस मोगऱ्याजवळ खड्डा केला तर वरची सहा इंच माती आणलेली लाल-काळी, त्याखाली पांढरट थर, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, आणि जुन्या धाब्यावरची खारी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, धाब्याच्या घरावर पाणी गळू नये म्हणून जी पांढरी चिकट माती टाकतात ती खारी. घर पाडलं तेव्हा ती सगळी अंगणातच पसरवून दिली गेली, वर छान माती टाकून लेव्हल करून दिलं. छतासाठी ती चांगलीच, तिच्यातून पाणी जात नाही म्हणूनच तर टाकतात, पण मुळांना तीच नको असते. वर चुना-सिमेंटमुळे जमीन अजून अल्कली होते, मग लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही. लव्हाळा नावाच्या तणाला मात्र असल्या जमिनीचं काही वाटत नाही, म्हणून लावलेलं मरतं आणि न लावलेलं वाढतं.

तपासायची सोपी पद्धत म्हणजे ढेकळावर लिंबू पिळा, जोरात फसफसलं तर चुना आहे. थोडं फसफसणं आपल्या काळ्या मातीत असतंच, कारण तिच्यात चुनखडी असते, म्हणून शेजारच्या न खणलेल्या जागेतली माती पण घेऊन तुलना करा. खात्री करायची तर माती परीक्षण करून घ्या, मृदा चाचणी प्रयोगशाळेत होतं, जळगावकडच्या लोकांना ममुराबादचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे पण विचारता येईल.

उपाय म्हणजे मलबा काढणे, याला शॉर्टकट नाही. आम्ही सगळं अंगण नाही खणलं, फक्त जिथे झाडं राहणार तेवढेच वाफे अडीच फूट खोल रिकामे करून शेतातली माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरलं. मलबा वाया नाही घालवला, तो रस्त्याच्या भरावात गेला. पिवळ्या पानांना तात्पुरता आधार म्हणून हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला ५ ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारणी. पण एक सांगतो, हिराकसचं पाणी पांढऱ्या भिंतीवर किंवा फरशीवर पडलं की गंजाचा तांबूस डाग पडतो तो निघत नाही. आमच्या पोर्चच्या पायरीवर आहे अजून. फवारताना मागे जुनी चादर धरा.

आता लव्हाळा. यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

एकदा एक रोप कापण्याऐवजी खुरप्याने बाजूची माती हळूहळू मोकळी करत पूर्ण काढून बघा. वर काय तर वीतभर उंचीची चार पानं. खाली दोऱ्यासारखं पांढरं मूळ, त्याला हरभऱ्याएवढी काळी गाठ, त्या गाठीतून पुढे परत दोरा, परत गाठ. मी ओंजळभर मातीत अकरा गाठी मोजल्या. एक नखाने फोडली तर आत पांढरी आणि उटण्यासारखा वास, नागरमोथ्याच्याच कुळातला आहे तो. आता विचार करा, ही माळ अख्खी असते तेव्हा टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या गप्प असतात. आपण कुदळ मारली की माळ तुटते, आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र होऊन फुटते. म्हणजे जूनमध्ये जेवढी जोरात निंदणी कराल तेवढा जुलैत दाट लव्हाळा. आमचे मजूर मन लावून काम करायचे, आणि त्यांच्या मेहनतीनेच तो वाढत होता.

वीडमॅट, म्हणजे तण अडवायला जमिनीवर अंथरतात ती चटई, टाकली तर तो खालून टोचून वर येतो, पानाचं टोक सुईसारखं असतं. आम्ही मॅट टाकून वर पांढरी खडी पसरली होती, मॉडर्न लुक म्हणून. पहिल्या पावसाळ्यात लव्हाळा आरपार आला, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत खडीत इतकी धूळ बसली की मॅटच्या वरच नवीन तण उगवायला लागलं. त्यात निंबाखाली खडी म्हणजे तर अजूनच त्रास, फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळी पानं गळतात, जूनमध्ये निंबोळ्या, आणि खडीतून ते ना झाडता येतं ना वेचता येतं. निंबाखाली खडी टाकूच नका.

गाठीला खात्रीने मारतं ते वाळणं. आणि कडक ऊन खान्देशात कमी नाही. उन्हाळी नांगरट आपण शेतात कशासाठी करतो, तेच इथे. एप्रिल लागला की तो भाग पूर्ण कोरडा ठेवायचा, एक थेंब पाणी नाही. महिनाअखेरीस फूटभर खोल खणून ढेकळं उलटी पाडायची, फोडायची नाहीत. दहा-बारा दिवसांनी परत उलटवायची, दिसतील त्या गाठी वेचायच्या. रोहिणीच्या आधी, म्हणजे २५ मे च्या आत हे दोनदा झालं पाहिजे, कारण मधे एक वळवाचा पाऊस पडला की अर्धी मेहनत गेली. मग मृगानंतर जे फुटेल ते दर पंधरा दिवसांनी काढायचं, तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवलं की नवीन गाठी धरायला लागतात. आम्हाला दोन उन्हाळे लागले. पहिल्या वर्षी निम्म्याच्या वर गेला, दुसऱ्या वर्षी तुरळक उरला. आणखी एक म्हणजे सावली, लव्हाळ्याला सावली सहन होत नाही, म्हणून मोकळी झालेली जागा मोकळी ठेवायची नाही, लगेच दाट काहीतरी लावायचं किंवा सहा इंच आच्छादन.

आच्छादनाला विकत काही आणायची गरज नाही. निंबाची वाळलेली पानं, भुईमुगाची टरफलं, गव्हाचा भुसा, वाळलेली केळीची पानं, आपल्याकडे भरपूर. फक्त खोडापासून आणि घराच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी आत शिरते.

हरळीला मात्र शत्रू मानू नका. आम्ही आधी मेक्सिकन लॉन टाकलं होतं, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी देऊन पण पिवळंच. आता ओट्यासमोर फक्त १० बाय १२ फुटांचा तुकडा हरळीचाच ठेवलाय, मशीनने कापतो, कमी पाण्यात तग धरते, आणि गणपतीला दूर्वा घरच्याच. ती पसरू नये म्हणून चारही बाजूंनी कडप्प्याच्या पट्ट्या नऊ इंच खोल उभ्या गाडल्या. वरून एक इंच काळी रेघ दिसते, ती घराला इतकी शोभते की मुद्दाम डिझाइन केल्यासारखं वाटतं.

गाजरगवताचं एवढंच की फुलं यायच्या आत, माती ओली असताना, मुळासकट उपटा. हातमोजे आणि फुल बाह्यांचा शर्ट घाला, अंगावर खाज-पुरळ उठते, दमा असलेल्यांनी तर जवळ जाऊच नये. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. फुलावर आलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका. कंपाउंडच्या बाहेरच्या पट्टीत आम्ही मे मध्ये तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं बी फेकलं, तरोटा गाजरगवताला वर येऊ देत नाही, आणि पहिल्या पावसाची कोवळी भाजी मिळते ते वेगळंच.

तणनाशकाबद्दल बरेच जण सुचवतात. शेतातला पंप उचलून घरी आणून मारू नका. आमच्याकडे एकदा टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता पाण्याने खंगाळून निंबोळी अर्क फवारायला वापरला, आणि जास्वंदीची पानं चिरलेली, भेंडीच्या पानासारखी अरुंद झाली. कपाशीवर हे होतं ते सगळ्यांना माहीत आहे, जास्वंद कपाशीच्याच कुळातली हे तेव्हा लक्षात आलं नाही. घरासाठी पंप वेगळाच ठेवा.

आता झाडं. जंगल वाटण्यात अर्धा वाटा चुकीच्या छाटणीचा असतो. आम्ही दर वर्षी बोगनवेल आणि लिंबू वरून सपाट कापायचो, आणि जिथे कापलं तिथून प्रत्येक टोकाला पाच-सहा नवीन फोक. लिंबाच्या आत सरळ वर जाणारे जाड काटेरी पानसोट तयार होतात, ते फळ देत नाहीत, नुसती गर्दी करतात. शेंडे कापायचे नसतात, पूर्ण फांदी तिच्या उगमापाशी काढायची असते. खोडाजवळ फांदीला जाडसर वळी असते, ती वळी ठेवून तिच्या बाहेरून कापा, जखम स्वतः भरते. जड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप, मग पुढे सरकून वरून, आणि उरलेला खुंट शेवटी, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त काढू नका.

निंबाच्या खालच्या फांद्या दहा फुटांपर्यंत काढल्या, बस. त्यामुळे हॉलमधून काचेपलीकडे आधी जो हिरवा गोंधळ दिसायचा तिथे आता एक सरळ खोड, वर सावलीची छत्री आणि खाली मोकळी जागा दिसते. आणि पश्चिमेच्या काचेवर दुपारचं ऊन अडवणारं दुसरं काहीच नाही आमच्याकडे. पूर्वेकडची एक आडवी जाड फांदी मात्र हात न लावता ठेवली, ती झोक्याची. मोठं झाड तोडायचं किंवा मोठी छाटणी असेल तर आधी नगरपालिकेची परवानगी घ्या, शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज म्हणून अजून जास्त संरक्षण आहे. भिंतीच्या फटीत पिंपळ-उंबर उगवले असतील तर बोटभर असतानाच काढा. सुबाभूळ असेल तर शेंगा वाळायच्या आत, आणि नुसतं कापून नाही, बुंध्यासकट खणून.

राहिलं डिझाइन. आम्ही शेवटी कुणाकडून ड्रॉइंग काढून घेतलं नाही. पाया आखायला वापरतात ती पांढरी पूड, म्हणजे फक्की, आणि सुतळी घेतली, काचेच्या कडेपासून एक रेघ, ओट्याच्या पायरीपासून दुसरी, गेटपासून तिसरी, अशा घराच्याच रेघा पुढे जमिनीवर नेल्या. आणि आठ दिवस तसंच ठेवलं. घरातली माणसं नेहमीसारखी वावरली, आणि जिथे जिथे फक्की पुसली गेली तिथे खरी वाट होती. मी पायवाट गेटपासून सरळ दारापर्यंत आखली होती, पण आई रोज तुळशीकडून वळून मागच्या नळाकडे जाते, तिथली रेघ दुसऱ्याच दिवशी गायब. वाट तिथून नेली. वाट चुकली की लोक वाफ्यातून चालतात, वाफा दाबला जातो, तिथलं झाड मरतं आणि परत गवत.

वाट करताना काळ्या मातीवर थेट ब्लॉक बसवू नका. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आमचे पहिले पेव्हर एका वर्षात लाटेसारखे झाले आणि प्रत्येक फटीत हरळी. दुसऱ्यांदा फूटभर काळी माती काढली, दोन ब्रास मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात पाणी मारून धुम्मसने ठोकला, वर बारीक कच, मग शहाबादी फरशी. फटीत पण कचच भरली. चार पावसाळे झाले, हललेली नाही. घराच्या भोवती तीन फूट पक्का पट्टा, १० फुटाला २ इंच या हिशोबाने बाहेरच्या बाजूला उतार, आणि त्या पट्ट्यात एकही झाड नाही. आधी बांधकामवाल्याने काचेखाली भिंतीला चिकटून फ्लॉवर बेड करून दिला होता, दिसायला छान, पण एका बाजूची माती सतत ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली की काळ्या मातीत प्लिंथला म्हणजे जोत्याला त्रास होतो, आमच्या आतल्या भिंतीला ओल आली तेव्हा तो बेड काढला.

झाडांच्या बाबतीत एकच बदल केला, पण त्याने सगळ्यात जास्त फरक पडला. आधी प्रत्येक गोष्ट एकेक होती. आता थोड्याच गोष्टी आणि त्या ओळीने. वाटेच्या एका बाजूला गवती चहाचे चौदा ठोंब, दीड-दीड फुटावर, वाऱ्यावर हलतात तेव्हा कुठल्या महागड्या ऑर्नामेंटल ग्रासपेक्षा कमी दिसत नाहीत, आणि चहाला रोज लागतोच. फक्त वाटेपासून दोन फूट आत लावा, पानाची धार पायाला कापते. कंपाउंडला पांढऱ्या तगरीची ओळ, तिच्यापुढे पांढरी सदाफुली. पश्चिमेच्या कंपाउंडच्या भिंतीला तापलेल्या काचेच्या झळा लागतात तिथे बोगनवेल, फुलोरा संपला की छाटायची. मागच्या उताराला वाळा, मुळं खोल जातात, माती धरून ठेवतो. कण्हेर पण उन्हाला चांगली, पण सगळी विषारी असते, लहान मुलं किंवा शेळ्या असतील तर नको. जिजीची जुनी झाडं, पारिजातक, सीताफळ, लिंबू, जागची हलवली नाहीत, त्यांच्या भोवती वाफ्यांना सरळ कडा दिल्या. जुनं झाड वेडंवाकडं असलं तरी कड सरळ असली की नीटनेटकं वाटतं.

आणि मोकळी जागा ठेवाच. आमच्याकडे १२ बाय १५ ची शहाबादी मोकळीच ठेवलीय, सावली नाही, झाड नाही. डिझाइनवाल्याच्या हिशोबात ती वाया गेलेली जागा. पण मार्चमध्ये बिबडे, कुरडया, पापड, मिरच्या कुठे वाळवणार, श्रावणात कानबाईच्या सणाला भाऊबंद जमतात ते कुठे बसणार. ही जागा नव्हती तेव्हा वाळवणाच्या खाटा वाफ्यांवर टाकल्या जायच्या आणि झाडं मोडायची, म्हणजे तीसुद्धा जंगलाच्या कारणांपैकीच एक होती.

आता वर्षभराचं काम असं उरलंय: फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पानं गोळा करून वाफ्यांवर टाकणे, एप्रिल-मे मध्ये लव्हाळा दिसेल तो तुकडा कोरडा ठेवून उलटवणे, पावसाळ्यात दर रविवारी अर्धा तास ओल्या मातीतून हाताने तण काढणे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करणे, आणि पावसानंतर छाटणी. विटांचा, लाकडांचा ढीग अंगणात ठेवत नाही, आमच्याकडे मण्यार त्याच ढिगातून निघाली होती. मजूर वर्षातून एकदाच लागतो.

एक कोपरा अजून सुटलेला नाही. शेजारचा प्लॉट रिकामा आहे, मालक बाहेरगावी असतात, तिथलं गाजरगवत दर वर्षी कंपाउंडवरून बी टाकतं. त्यांना फोन करून विचारलं, ते हो म्हणाले, तर या वर्षी जुलैमध्ये पहिला पाऊस मुरला की गल्लीतले पाच-सहा जण मिळून तिकडचं पण फुलाआधी उपटणार आहोत आणि कडेने तरोटा टाकणार आहोत. तुमच्याकडे असा रिकामा प्लॉट शेजारी असेल आणि त्यावर दुसरं काही चाललं असेल तर नक्की लिहा, मला हवंय.